तो ‘हां’ म्हणाला, म्हणजे त्याला समजलं होतं का?

पत्र:

मी मूळचा पुण्याकडचा, वय ३४. चाकणला आठ वर्षं काम केलं आणि गेल्या वर्षी जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज म्हणून आलो. माझ्या शिफ्टला बावीस माणसं आहेत. मिक्सरवर जवळच्या खेड्यातला एक जुना माणूस आहे, पंचावन्नचा असेल, त्याला सगळे नाना म्हणतात. एक्स्ट्रुडरवर, म्हणजे पाईप काढणाऱ्या मशिनवर, दोन बिहारी आहेत. पॅकिंगला सात-आठ बायका आहेत. आणि चोपडा तालुक्यातला एक पावरा आदिवासी मुलगा आहे, आयटीआय करून ट्रेनी म्हणून लागलेला.

इथे कुणालाच साहेबाशी बोलण्याची पद्धत माहीत नाही. नाना मला ‘काय रे भाऊ, आज उशीर केला’ म्हणतो. तो मुलगा तर जनरल मॅनेजर शेजारी उभे असताना मला सरळ ‘तू’ म्हणाला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी बघितला. ते गेल्यावर मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, ‘मी तुझा मित्र नाही. तुझ्या डोंगरावर हे चालत असेल, ही कंपनी आहे.’ तेव्हापासून तो माझ्याशी बोलतच नाही. काहीही सांगा, नुसतं ‘हां’.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीला पाईप पातळ येत होता. मी त्याला हॉल-ऑफचा, म्हणजे पाईप ओढणाऱ्या यंत्राचा, वेग कमी करायला सांगितलं, अर्ध्या तासाने व्हर्नियरने जाडी बघायला सांगितलं, कमी भरली तर मला बोलव म्हणालो आणि दुसऱ्या लाइनवर गेलो. तो ‘हां’ म्हणाला. पहाटे बघतो तर सगळा पाईप पातळ. रात्रीचा माल ग्राइंडरला गेला. होळीलाही तो न सांगता चार दिवस गायब होता. लाइनवर बाकीचे त्याला ‘ए पावऱ्या’ म्हणतात, त्यावर तो काही बोलत नाही. मग माझ्याच बोलण्याचा एवढा राग का? जनरल मॅनेजरांनी त्याला मेमो द्यायला सांगितलंय, आणि नुकसान पगारातून कापायचं का असंही ते विचारतायत. सोमवारपर्यंत मला उत्तर द्यायचंय. मी जातपात मानणारा माणूस नाही. आता इथल्या लोकांना शिस्त लावायची, की मीच त्यांच्यासारखं बोलायला शिकायचं?

– एक शिफ्ट इन्चार्ज, जळगाव

उत्तर:

भाऊ, सोमवार जवळ आलाय म्हणून मेमोचं आधी सांगते. तो मेमो देऊ नका. जनरल मॅनेजरांना एका पानावर घडलं ते घडलं तसं लिहून द्या: सूचना तोंडी दिली, मशिनच्या आवाजात दिली, एका दमात तीन गोष्टी सांगितल्या, त्याला कळल्या का हे तपासलं नाही, आणि शिकाऊ मुलाला रात्री लाइनवर एकटं सोडून मी दुसरीकडे गेलो. हे बहुतेक सगळं तुमच्याच पत्रात आहे. पगारातून कापण्याचा प्रश्नच आत्ता येत नाही. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कायद्यानेही घ्यावं लागतं. आणि त्याचं म्हणणं ऐकायला तो तुमच्याशी बोलायला तर हवा.

तो का बोलत नाही, हे तुम्हाला ‘तू’ प्रकरणातून आलंय असं वाटतं. मला तसं वाटत नाही, पण तुमचं मन तिथे अडकलंय म्हणून तेही बघू.

खानदेशात एकेरी बोलणं हा उद्धटपणा समजला जात नाही. अहिराणी घरांत नातू आजोबाला ‘तू’ म्हणतो, सून सासऱ्यापुढे पदर सावरेल पण गावातला धाकटा पोरगा म्हाताऱ्या तात्याला एकेरीत हाक मारून मोटारसायकलवर बसवून नेईल. मान असतो तो नाना, आप्पा, आबा, जिभाऊ या हाकेत, आणि हाक मारणाऱ्याच्या आवाजात. पावरा आणि भिल्ल घरांत तर वडीलधाऱ्यांशीही एकवचनातच बोलतात, त्यात कुणी कुणाचा मान काढत नाही. तुम्ही ज्या बोलण्यात वाढलात तिथे ‘अहो’ सुटलं की माणूस अंगावर आल्यासारखं वाटतं. दोन्ही खरं आहे. फक्त त्या मुलाला तुमच्याकडची रीत कुणी सांगितली नव्हती, आणि तुम्हाला इथली.

नानांचं ‘काय रे भाऊ, आज उशीर केला’ घ्या. इथला जुना कामगार ज्याला आपला मानत नाही त्याला ‘हो साहेब’ म्हणून पाठ फिरवतो. नाना तुम्हाला उशीर झाल्याचं बघतात, विचारतात, भाऊ म्हणतात. मी तुमच्या जागी असते तर त्यांना कारण सांगितलं असतं आणि त्यांच्या घरचं विचारलं असतं.

आता भाषेचा हिशोब त्या मुलाच्या बाजूने मांडून बघा. घरी पावरी. शाळेत मराठी, ती पुस्तकातली. चोपड्याच्या बाजारात, एसटीत आणि तुमच्या लाइनवर अहिराणी. यावल-रावेरकडचा कुणी असेल तर त्याची लेवा गणबोली. एक्स्ट्रुडरच्या ऑपरेटरांशी हिंदी. मशिनच्या पॅनेलवर इंग्रजी. आणि त्यावर तुमची पुण्याकडची मराठी, वेगातली, निम्मे शब्द इंग्रजी. वीस-बावीस वर्षांचा मुलगा रोज आठ तास एवढ्या बोलींतून वाट काढत काम शिकतोय. मठ्ठ माणसाला हे जमत नाही. तुमच्या शिफ्टला एवढ्या भाषा समजणारा दुसरा कुणी आहे का, हे एकदा मोजून बघा.

आणि मग ते वाक्य. ‘तुझ्या डोंगरावर हे चालत असेल.’

पत्रात तुम्ही ते अगदी सहज लिहिलंय, जणू खरा मुद्दा ‘तू’ होता आणि हे फक्त त्याच्या मागोमाग आलं. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे. ‘मला अहो म्हणत जा’ एवढं तुम्ही म्हणाला असता, तर तो दोन दिवस संकोचला असता आणि मग शिकला असता. पण तुम्ही त्याच्या बोलण्यावरून त्याच्या गावावर गेलात. सातपुड्यातली मुलं तालुक्याला, जिल्ह्याला आली की डोंगर, जंगल, अडाणी हे शब्द वसतिगृहात, कॉलेजात, बसस्टँडवर ऐकतच असतात. त्यातून वर येऊन, आयटीआय करून, हेल्मेट आणि ओळखपत्र घेऊन तो तुमच्या लाइनवर उभा होता. तिथे त्याच्या हजेरीवर सही करणाऱ्या माणसाने बावीस जणांच्या देखत सांगितलं की तू इथला नाहीस. त्या दिवशी त्याला एक गोष्ट नीट समजली: या साहेबापुढे तोंड उघडलं की अपमान होतो. मग तो तोंड उघडेनासा झाला. पाईप पातळ येत असताना तुम्हाला बोलवायचं, प्रश्न विचारायचा, ‘हॉल-ऑफ म्हणजे कोणतं बटण’ असं म्हणायचं, यातलं काहीच करायला त्याला आता तोंड राहिलं नव्हतं.

तुम्ही विचारलंय, बाकीचे ‘ए पावऱ्या’ म्हणतात तेव्हा तो गप्प, मग माझाच राग का? भाऊ, तो तिथेही गप्प आहे आणि तुमच्यापुढेही गप्प आहे. तिथल्या गप्प बसण्याला तुम्ही ‘चालतं त्याला’ म्हणता आणि तुमच्यापुढच्या गप्प बसण्याला ‘राग’. दोन्हीकडे तो एकच करतोय. फरक एवढाच की तुमच्यामुळे माल गेला, म्हणून तुमच्या लक्षात आलं.

तुम्ही जातपात मानत नाही असं लिहिलंय. मी ते खरं धरते. पण तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटलीय. जनरल मॅनेजरांना तुम्ही सगळीकडे ‘ते’ लिहिता. पंचावन्न वर्षांच्या नानांना ‘तो’. ‘नाना म्हणतो’. आणि मग नानांनी तुम्हाला एकेरीत बोलू नये ही अपेक्षा. पुण्याकडे तुम्ही शेजारच्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांना ‘तो म्हणतो’ असं लिहाल का? म्हणजे तुमचं अहोजाहो वयाला नाही, खुर्चीला आहे. इथल्या माणसांना हे पहिल्या आठवड्यात कळतं. कुणी बोलून दाखवत नाही, पण कळतं. पॅकिंगच्या बायका तर पत्रात ‘सात-आठ’ आहेत. सात की आठ?

तर आता करायचं काय.

पहिलं, माफी मागायची. केबिनमध्ये बोलावून नाही, चहा पाजून नाही, कुणामार्फत निरोप देऊन तर मुळीच नाही. जिथे बोललात तिथेच, शिफ्ट बदलताना सगळे जमतात तेव्हा. नाव घ्या, आणि एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी मी तुझ्या गावाबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं. तसं पुन्हा बोलणार नाही. रात्रीचा माल गेला त्यात माझीही चूक आहे, मी नीट सांगितलं नव्हतं.’ बस. ‘तू पण तू म्हणालास ना’ हे त्यात जोडू नका. ‘मी रागात होतो’ हेही नको. आणि तो हसेल, हात मिळवेल, मोकळा होईल याची वाट बघू नका. बहुतेक तो खाली बघेल आणि कामाला लागेल. तो त्याचा हक्क आहे. खूप दिवस लागतील, कदाचित तो कधीच तुमच्याशी मोकळा बोलणार नाही. माफी मागितल्यावर समोरच्याने लगेच बरं वाटून घ्यावं ही अपेक्षा म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम टाकणं.

दुसरं, ‘ए पावऱ्या’ बंद करायचं, आणि ते तुम्हालाच करावं लागेल. तुम्हाला उत्तर मिळेल, ‘साहेब, आडनावच आहे त्याचं.’ आहेच. हजेरीपटावर पावरा, बारेला, पाडवी, वसावे, तडवी असं काहीही असू शकतं. पण पाटलांना कुणी ‘ए पाटल्या’ म्हणून लाइनवर हाक मारत नाही ना? आडनाव तेच, हाक कशी मारली जाते त्यावर सगळं आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९८९ चा कायदा आहे. जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीच्या नावाने शिवीगाळ करणं किंवा पाणउतारा करायच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणं हा त्याखाली गुन्हा आहे. कायद्याचा धाक घालायला मी हे सांगत नाहीये. इन्चार्ज म्हणून तुमच्या लाइनवर काय चाललंय याचं वजन तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगते. ‘तुझ्या डोंगरावर’ हे त्यापासून फार लांब नव्हतं, हेही तुमच्या ध्यानात आलं असेल.

हे थांबवताना मात्र त्या मुलाशी जे केलं तेच बाकीच्यांशी करू नका. सगळ्यांसमोर कुणाला झापलं की पुढचे चार महिने त्या मुलाला त्याचीच किंमत मोजावी लागेल, ‘तुझ्यामुळे आम्हाला ऐकावं लागलं’ म्हणून. नानांकडे जा. त्यांच्या शेजारी बसा, ‘नाना, तुमचं सगळे ऐकतात, मला एक मदत करा’ म्हणा, आणि सांगा की त्याला नावाने हाक मारायची. खानदेशात मोठ्या माणसाला असं मान देऊन सांगितलं तर तो शब्द पाळतो, आणि बाकीच्यांकडूनही पाळून घेतो. दोन-तीन दिवसांनी तरीही कुणी म्हणालं तर त्याला बाजूला घेऊन तुम्ही स्वतः सांगा. तिसऱ्यांदा झालं तर मग मेमो जरूर लिहा, त्याच्या नावाने.

तिसरं, सूचना. हे तुमच्या रोजच्या कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘समजलं का?’ हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याचं उत्तर ‘हो’ सोडून दुसरं येतच नाही. साहेबाने विचारल्यावर ‘नाही समजलं’ म्हणायला छाती लागते, आणि नवख्याला ती नसते. त्याऐवजी म्हणा, ‘मी सांगितलेलं बरोबर पोचलं का बघू, तू आता काय करशील ते मला करून दाखव.’ तो हॉल-ऑफच्या पॅनेलकडे जातो की भलतीकडे, हे अर्ध्या मिनिटात दिसेल. एका वेळी एकच गोष्ट सांगा. वेग कमी करून दाखव. झालं, आता व्हर्नियर लाव. पाईपच्या एकाच बाजूला लावतो का चारी बाजूंनी फिरवून बघतो? जाडी किती यायला हवी तो आकडा कुठे लिहिलाय? तो आकडा तुमच्या डोक्यात असेल, तर त्याच्या समोर पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात आणि मराठी अंकात लिहून ठेवा. पॅनेलच्या बटणांखाली चिकटपट्ट्या लावा, मराठीत आणि हिंदीत. ‘जाडी कमी आली तर मला बोलव’ असं सांगायच्या ऐवजी ‘आकडा याच्या खाली गेला की लाइन थांबव, मला विचारायची गरज नाही’ असं सांगा. मग त्याला तुमच्याकडे येऊन तोंड उघडावं लागणार नाही, आणि माल वाचेल.

आणि हे फक्त त्याच्यासाठी करू नका. बाविसांसाठी एकच पद्धत ठेवा, नानांनाही. नाही तर ‘त्या पोराला जास्त सांगावं लागतं’ असा शिक्का त्याच्यावर बसेल. कामाचा दर्जाही त्याच्यासाठी खाली आणू नका. ‘जाऊ दे, त्याला कुठे जमणार’ म्हणून सोपं काम देणं हाही अपमानच आहे, फक्त गोड बोलून केलेला. चुकला तर पाईपचा तुकडा हातात घेऊन दाखवा, इथे इतका हवा होता, इतका आला. चूक पाईपची बघायची. तो कुठून आला हे त्यात आणायचं नाही.

बिहारच्या ऑपरेटरांबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीय, नाव नाही. तिथे गंमत उलटी आहे. बिहारमध्ये अनेक घरांत लहान पोरालाही ‘आप’ म्हणतात. आपली हिंदी मात्र ‘तेरे को बोला ना’ या वळणाची. आपल्या कानाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण चाळिशीच्या बिहारी माणसाला लाइनवरचा पोरगा ‘तू’ म्हणतो तेव्हा त्याला तेच वाटतं जे तुम्हाला जनरल मॅनेजरांसमोर वाटलं. तुम्ही त्यांना ‘आप’ म्हणायला लागलात तर बाकीचे आपोआप म्हणतील. ‘ए भैय्या’ ही हाकही बंद व्हावी. त्यांना नावं आहेत, ती घ्या, मागे ‘जी’ लावा.

पॅकिंगच्या ताईंना सूचना द्यायची तर सरळ त्यांना द्या. एखादी मान खाली घालून ऐकते म्हणून तिच्या शेजारच्या पुरुषाला सांगून जाऊ नका. ती ऐकतेय. ‘अमक्याची बायको’ हे कुणाचं नाव नसतं. आणि कारखान्यात दहापेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायला हवी. त्यातल्या सदस्यांची नावं भिंतीवर लागलीयत का, बघा.

आता होळी. ‘न सांगता चार दिवस गायब’ हे चूक आहे, रजा सांगून घ्यावी. पण तो सांगायला आला असता तर तुम्ही दिली असती का? सातपुड्यात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. दिवाळीपेक्षा मोठा. होळीच्या आधीच्या आठवड्यात बाजाराच्या गावांना भोंगऱ्या, म्हणजे होळीचा बाजार, भरतो. मग होळ्या, त्याही सगळीकडे एकाच रात्री नसतात, गावागावाच्या ठरलेल्या असतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला तर डोंगरातून लोक पायी येतात. बाहेरगावी कामाला गेलेला माणूस वर्षभर कुठेही असो, होळीला घरी येतो. आपण कंपनीत धूलिवंदनाची एक सुट्टी देतो आणि वाटतं झालं.

याचा इलाज सोपा आहे आणि तो तुमच्या हातात आहे. संक्रांतीच्या सुमाराला भिंतीवर वर्षाचा कागद लावा आणि प्रत्येकाला विचारा, तुझा मोठा दिवस कोणता. तुम्हाला माहीत नसलेली बरीच नावं त्यावर येतील. पावरा मुलाची होळी आणि भोंगऱ्या, ९ ऑगस्टचा आदिवासी दिवस. नानांकडे श्रावणात कानबाई देवी बसत असेल, तर नागपंचमीनंतरचा रविवार आणि पुढचा दिवस. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी मिळून संपवायचे असतात, म्हणून ‘संध्याकाळी जाऊन या’ म्हणून भागत नाही. पॅकिंगच्या ताईंना आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात तेव्हा लेकी माहेरी जातात. कुणाला १४ एप्रिल हवा असेल. कुणाला ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जायचं असेल, १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते. ईद चंद्रावर असते, तिथे एक दिवस इकडेतिकडे सैल ठेवावा लागतो. आणि बिहारची छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे त्यांची रजा तुम्ही दोन महिने आधी नक्की केली नाही तर भुसावळहून त्यांना उभ्यानेच जावं लागणार. कागद समोर असला की अदलाबदल माणसं आपसात करतात. दिवाळीला लाइन चालू ठेवायची असेल तर तो पावरा मुलगा बहुधा स्वतःहून ‘मी थांबतो’ म्हणेल, होळीच्या बदल्यात.

काही लहान गोष्टी. दसऱ्याला कारखान्यात मशिनची पूजा होते, नारळ नेहमी साहेब फोडतात. यंदा जो मशिन चालवतो त्याला फोडू द्या. वार्षिक कार्यक्रमात ‘आपल्याकडे आदिवासी मुलगा आहे, त्याला नाच करायला सांगू’ असं कुणी सुचवेल, तेव्हा नाही म्हणा. त्याला हवं असेल तर तो सांगेल. ‘तुमच्यात लग्नं कशी होतात’ असले प्रश्न जेवताना विचारू नका. तो तुमच्याकडे पाईप बनवायला येतो, त्याच्या जमातीची माहिती द्यायला नाही. नव्या माणसाला गाव विचारावं, पण ‘पाहुणे कोण तुमचे’ इथपर्यंत जाऊ नये. आमच्याकडे हा प्रश्न प्रेमाने विचारतात हे मला माहीत आहे. तरी त्यातून जातच काढली जाते, आणि ज्याला उत्तर द्यायचं नसतं त्याचा घास तिथेच अडकतो. डब्यात कुणी सुकट आणली म्हणून टेबल रिकामं होत असेल, तर त्या टेबलावर तुम्ही तुमचा डबा उघडून बसा. बोलायची काही गरज नाही.

शेवटी तुमचा प्रश्न. त्यांच्यासारखं बोलायला शिकायचं का? कानाने शिका. अहिराणी समजायला लागा, दोन-तीन महिन्यांत येईल, नाना हौसेने शिकवतील. पण हेल काढून बोलू नका. टीव्हीवर खानदेशी माणूस फक्त हसवायला येतो, हे इथल्या लोकांनी फार सोसलंय. त्यामुळे पुण्याकडच्या साहेबाने ‘काय करी राह्यना’ म्हटलं की कोण हसतंय आणि कशाला, हे सांगता येत नाही. तुमची मराठी बोला. फक्त सावकाश बोला, आणि टोमणा मारू नका. ‘जरा लक्ष दिलंत तर बरं होईल’ असलं गुळगुळीत बोलणं इथे शिवीपेक्षा जास्त लागतं. चूक झाली तर ‘ही चूक झाली’ म्हणा, इथली माणसं स्पष्ट बोलण्याचा राग धरत नाहीत. आणि ‘तू’ म्हणालेलं चालत नसेल तर तेही स्पष्ट सांगा, पण आधी नानांना ‘अहो’ म्हणायला लागा, आणि मग सांगा.

शिस्त लावायला कुणाची हरकत नाही. वेळेवर यायचं, हेल्मेट घालायचं, व्हर्नियर लावल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, यात सूट कुणालाच नको. त्या यादीत आता आणखी एक ओळ टाका: ‘समजलं नाही’ म्हणणाऱ्याला कुणी हसायचं नाही. एक दिवस तो मुलगा, किंवा पॅकिंगमधली एखादी ताई, किंवा नाना, येऊन म्हणतील, ‘माले समजनं नही, परत सांग.’ त्यात ‘तू’ असेल. तेव्हा हातातलं काम ठेवा आणि परत सांगा.